कडक भाकरीच्या धंद्याला अनुदान: कुणी प्रत्यक्ष घेतलंय का?

वळसंगकर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यात आमचा दहा जणींचा बचत गट आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सणासुदीला धपाटे करतो. सोलापुरात नवी पेठेतल्या दोन दुकानांत माल जातो, बाकीचा ट्रॅव्हल्सने पुण्याला. धंदा बरा चाललाय. अडचण एकच, चुरा. भाकरी कितीही नीट रचा, वरून पुठ्ठा घाला, पुण्यात खोका उघडला की तळाच्या भाकऱ्या मोडलेल्या असतात. दुकानदार मोडकी भाकरी परत पाठवतो आणि पैसे कापतो.

त्यातून एक सुचलं. मोडकी भाकरी टाकण्यापेक्षा तिचे एकसारखे तुकडे करायचे, थोडं तेल, लसूण, काळं तिखट, तीळ लावून परत भाजायचे आणि छोट्या पाकिटात भरायचे. घरच्या पोरांनी बटाट्याचे वेफर्स सोडून हे खाल्लं, म्हणजे चव जमली असावी. दुसरी कल्पना हुरड्याची. हंगाम संपतो आणि मग वर्षभर लोक विचारत बसतात. गोठवून ठेवता येईल का?

आता मुद्दा. गेला महिनाभर व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'नावीन्यपूर्ण स्थानिक खाद्यपदार्थ उद्योगांना ३५ टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान, परतफेड नाही.' एक गृहस्थ गावात येऊन गेले. फाईल करून देतो म्हणाले, आगाऊ रक्कम सांगितली आणि वर मंजुरीनंतर टक्केवारी. जावई सांगतो भरा, सासरे सांगतात भानगडीत पडू नका. इथं कुणी स्वतः घेतलं असेल तर खरं काय ते सांगा. ऐकीव नको.

---

बार्शीलाईट | रात्री ९:४०

ताई, सासऱ्यांचं ऐका.

(भाकरीचे तुकडे मात्र पाठवा. पत्ता व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवतो.)

---

हिशेबनीस | रात्री १०:२५

वळसंगकर ताई, बँकेत नोकरी करून निवृत्त झालोय, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. तो मेसेज अर्धा खरा आहे. गोंधळ बाकीच्या अर्ध्याने होतो.

योजना आहे ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. सगळे पीएमएफएमई म्हणतात. जून २०२० मध्ये सुरू झाली, तरतूद १०,००० कोटींची, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. मुळात २०२४-२५ पर्यंत होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली. म्हणजे मार्च जवळ आलाय, हे आधी ध्यानात घ्या. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये सोलापूरला ज्वारी आहे, त्यामुळे तुमचा माल अगदी बरोबर खणात बसतो.

आता 'परतफेड नाही' या शब्दांबद्दल. अनुदान कर्जाला बांधलेलं आहे. कर्ज नाही तर अनुदान नाही. उदाहरण घ्या. ८ लाखांचा प्रकल्प आहे. किमान १० टक्के, म्हणजे ८० हजार तुमचे. ७ लाख २० हजार बँकेचं कर्ज. ३५ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार अनुदान येतं, पण तुमच्या हातात नाही. बँक ते तुमच्याच नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, म्हणजे व्याज ४ लाख ४० हजारांवर. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि घटक चालू असला, तरच ते पैसे कर्जात जमा होतात. मध्येच खातं थकीत गेलं तर अनुदानावर पाणी.

तेव्हा पैसे फुकट मिळतायत असं समजून जाऊ नका. तीन वर्षं नीट धंदा केला तर कर्जाचा एक तुकडा सरकार फेडतं, असं समजून जा.

आणि त्या गृहस्थांना एक रुपया देऊ नका. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं, बँकेकडे पाठपुरावा, नंतर अन्न परवाना आणि नोंदण्या करून देणं हे त्यांचं काम, आणि प्रत्येक प्रकरणामागे त्यांना योजनेतूनच २० हजार मिळतात, अर्धे कर्ज मंजूर झाल्यावर आणि अर्धे पुढची कामं झाल्यावर. तुमच्याकडून घ्यायचं काही कारणच नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात गेलात की यादी मिळेल.

---

अशोकचौक | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५५

मी घेतलंय. शेंगाचटणीसाठी. दोन वर्षं झाली, अजून लॉक-इनमध्ये आहे.

हिशेबनीस काकांनी कागद सांगितला, मी रस्ता सांगतो. कृषी कार्यालयाकडून फाईल लवकर सुटली, अडकली बँकेत. नाव घेत नाही. आधी म्हणले दरपत्रकावर जीएसटी नंबर नाही, मग म्हणले दरपत्रक तीन महिन्यांपूर्वीचं आहे, नवं आणा. नवं आणलं तर यंत्राची किंमत वाढलेली, म्हणजे प्रकल्प अहवाल परत. मग साहेबांची बदली. नव्या साहेबांनी मात्र स्वतः येऊन शेड बघितली, चटणी खाल्ली आणि मंजूर केलं. चटणी खाल्ल्यामुळं झालं असं माझ्या आईचं ठाम मत आहे.

खरी मेख पुढं आहे ताई. या योजनेत यंत्र बसतं, थोडं तांत्रिक बांधकाम बसतं (तेही प्रकल्पाच्या ३० टक्क्यांच्या आत), भाड्याची शेड असली तर ठराविक काळाचं भाडंही दाखवता येतं. खेळतं भांडवल बसत नाही. आता चटणीवाल्याला काय लागतं? हंगामात शेंगदाणा भरून ठेवायला पैसा. कांडप यंत्र चकाचक उभं आणि दाणा विकत घ्यायला खिशात दमडी नाही, अशी माझ्यासारखी तीन-चार पोरं मला माहीत आहेत. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) वेगळं मागून घ्यावं लागतं आणि ते पहिल्याच अर्जात बोलून घ्या. नंतर गेलं की बँक म्हणते, आधी हे तरी फेडून दाखवा.

यंत्राबद्दल एक. पुरवठादार पल्वरायझर (वेगानं फिरून बारीक पूड करणारं यंत्र) गळ्यात मारतात. शेंगाचटणी पल्वरायझरमध्ये घातली की गरम होते, एकदम तेल सुटतं आणि लगदा होतो. आपली चटणी कुटून कुटून, तेल हळूहळू सुटत यायला पाहिजे. तिखटाच्या गिरणीत असतं तसं कांडप लागतं. मी दरपत्रकच कांडपाचं घातलं. अधिकाऱ्यांना समजावून सांगायला एक अख्खी दुपार गेली, पण झालं.

---

बार्शीलाईट | सकाळी ९:१०

अशोकचौक, तुझंच उदाहरण घेऊन माझं म्हणणं मांडतो. योजनेला यंत्र दिसतं, कारण यंत्राचं बिल असतं, त्यावर नंबर असतो, बाजूला उभं राहून फोटो काढता येतो. ताईंची कल्पना काय आहे? मोडक्या भाकरीची पाकिटं. त्यात नवीन आहे ते तुकड्याचा आकार, मसाला, किती भाजायचं, किती दिवस टिकेल. याला दरपत्रक कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा.

मी बार्शी, वैराग, करमाळा भागात हिंडतो. अनुदानातून घेतलेली डाळमिल, पापडयंत्रं, शेवयायंत्रं ताडपत्रीखाली झोपलेली बघितलीत. माणसं वाईट नव्हती. माल कोण घेणार हे ठरायच्या आधी यंत्र आलं. तीन वर्षं घटक चालू दाखवायचा म्हणून अधूनमधून बटण दाबायचं.

नावीन्य नावीन्य म्हणतात, आणि पैसा मिळतो पोलादाला.

---

वळसंगकर | सकाळी ११:३०

बार्शीलाईट दादा, पटतंय, पण सगळं नाही. तुम्ही 'आधी माल खपवा, मग यंत्र' म्हणता. माल खपवायला पुण्याच्या दुकानदाराला महिन्याला ठरलेली पाकिटं पाहिजेत. हातानं थापून, चुलीवर भाजून दहा बायका किती करणार? रोजची घरची कामं, शेत, मग भाकरी. आमच्यात दोघींचे खांदे गेलेत थापून थापून. आणि खरं सांगू का, अनुदानाचं नाव नसतं तर बँकेनं आम्हाला खुर्चीही दिली नसती. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. तारण काय ठेवणार?

---

हिशेबनीस | दुपारी १२:१५

तारणाचं ऐका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यासाठी सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे. शाखेत कुणी सातबारा मागितला तर शांतपणे विचारा, 'साहेब, हमी योजनेत बसत नाही का?' आवाज चढवू नका, पण लेखी उत्तर मागा. लेखी म्हटलं की बरेच प्रश्न सुटतात, हा माझा टेबलाच्या आतल्या बाजूचा अनुभव.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र करून ठेवा. सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्याचे पैसे घेणारी खासगी पानं गूगलवर आधी दिसतात, तिकडं जाऊ नका.

आणि ताई, तुमच्यासाठी १० लाखांच्या आधी दुसरं दार आहे. त्याच योजनेत बचत गटांना बीजभांडवल मिळतं. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत, खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं घ्यायला. दहा जणी म्हणजे ४ लाखांपर्यंत. हे ग्रामीण भागात 'उमेद'मार्फत, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानामार्फत येतं. पैसा गटांच्या संघाकडे अनुदान म्हणून येतो आणि संघ तुम्हाला तो कर्जाऊ देतो. तुम्ही फेडलं की तो संघातच राहतो, पुढच्या गटाला फिरतो. म्हणून कुणी 'प्रत्येकीला ४० हजार फुकट' असं सांगितलं तर तेही खोटं. पण वर अशोकचौक ज्या पैशासाठी रडतोय, तोच हा पैसा. तुमच्या गटाच्या सीआरपी ताईंना (गावात 'उमेद'चं काम बघणाऱ्या) विचारा, प्रभाग संघाच्या, म्हणजे आसपासच्या गटांच्या संघाच्या बैठकीत विषय घ्यायला लावा.

---

अशोकचौक | दुपारी १२:२२

रडत नाही काका, सांगतोय.

---

सीना_माढा | दुपारी १:०५

हुरड्यावर बोलतो. आमची माढ्यात हुरड्याची दोन एकरं असत्यात. ताई, गोठवायची कल्पना लई जणांनी केली. पण हुरडा म्हंजी काय, कणसात चीक भरलेला असतोय तवाचा खेळ. चार-सहा दिस इकडं तिकडं झालं की दाणा टणक, गोडी गेली. मालदांडीचा हुरडा बी चालतोय, पण चोळून घेताना त्रास, दाण्याला फोलपट लई. त्यापेक्षा हुरड्याचं खास वाण लावा, फुले मधुर हाय राहुरी विद्यापीठाचं, आमच्याकडं लोक गूळभेंडी बी लावत्यात. दाणा सुटतोय झटक्यात आन् चवीला गोड.

धंद्याचं म्हणाल तर आमी रानातच आगटी लावतो, पुण्या-मुंबईचं लोक गाड्या घिऊन येत्यात, हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ, बोरं. डिसेंबर-जानेवारी हात रिकामा नसतोय. त्येला कुठलं अनुदान लागलं नाय बगा. कोल्ड स्टोरेजच्या नादी लागलो असतो तर इजबिलातच गेलो असतो.

---

प्रयोगशाळा | दुपारी ३:४८

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. धाग्यावर पैशाचं बरंच आलं, पदार्थाचं कमी आलं म्हणून लिहिते.

वळसंगकर ताई, तुमच्या कल्पनेत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती वर कुणाच्या लक्षात आलेली नाही. कडक भाकरी महिनोन् महिने का टिकते? तिच्यात पाणी जवळजवळ उरत नाही आणि वरून तेल नसतं. ज्वारीत स्वतःचा थोडा स्निग्धांश असतो, म्हणून पीठ जुनं झालं की कडवट लागतं. पण ताज्या पिठाची, पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली भाकरी टिकते. तुम्ही त्या तुकड्यांना तेल आणि तीळ लावता, त्या क्षणी तो वेगळा पदार्थ होतो. आता त्याला हवा आणि उजेड लागला की तेल खवट होणार. भाकरीचं आयुष्य या पाकिटावर छापून चालणार नाही. दुकानात पाकीट उघडून खवट वास आला तर गिऱ्हाईक परत येत नाही, आणि ते अनुदानातल्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

तेव्हा पहिला खर्च यंत्रावर नको, चाचणीवर करा. एकाच घाण्यातली पाकिटं भरा: काही साध्या प्लास्टिकची, काही आतून चंदेरी थर असलेली, जमल्यास काही नायट्रोजन भरून. घरातच ठेवा. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे फुकटची कसोटी आहे, तेव्हा काही पाकिटं एप्रिल-मेपर्यंत राखून ठेवा. ठराविक दिवसांनी एकेक उघडून वास, कुरकुरीतपणा, चव लिहून काढा. मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओलावा आणि तेलाचा खवटपणा तपासून घ्या. शेंगाचटणीसाठी अफ्लाटॉक्सिनची तपासणी कराच. शेंगदाणा ओलसर साठवला की बुरशी धरते, ते विष चटणी भाजून जात नाही. खराब, काळे, सुरकुतलेले दाणे निवडून काढणं हाच त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो तुमच्या दहा जणी कुठल्याही यंत्रापेक्षा चांगला करतील.

हुरडा गोठवता येतो. दाणा तोडल्यावरही आतली साखर कमी होत जाते, पिष्ट होत जातं. ते थांबवायला आधी वाफ द्यायची, झटकन थंड करायचं, मग उणे १८ अंशांला ठेवायचं, आणि गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत ती साखळी तुटता कामा नये. सीना_माढा म्हणतात ते खरंय, तुमच्या आकाराच्या गटाला ते परवडायचं नाही. शेतकरी कंपनी असेल, मोठ्या प्रमाणावर असेल, तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट मिळते. पण तो वेगळा खेळ.

बार्शीलाईट यांनी विचारलं, कल्पनेचं दरपत्रक कुठं मिळतं. थोडंफार मिळतं. राष्ट्रीय कृषी विकास योजनेत नवउद्योजकांसाठी भाग आहे: कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत, बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत, आणि हे खरंच अनुदान, कर्जाशी न बांधलेलं. पण ते इन्क्युबेशन केंद्रांमार्फत जातं, निवड समितीपुढे मांडणी करावी लागते, पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. भरडधान्यासाठी हैदराबादच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेचं न्यूट्रिहब हे केंद्र आहे. त्याच संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र इथं सोलापुरातच आहे, हे अर्ध्या सोलापूरला माहीत नाही. सोलापूरजवळच्या खेडचं आणि मोहोळचं कृषी विज्ञान केंद्रही आहे. प्रशिक्षण, वाणांची माहिती, प्रक्रियेचा सल्ला यासाठी आधी तिथं जा. कागद नंतर होतील.

---

पुण्यातला_सोलापूरकर | सायंकाळी ६:१०

सगळं वाचलं, छान चर्चा. कोथरूडला कडक भाकरी चांगली कुठं मिळते? इथं मिळते ती जाड पुठ्ठ्यासारखी असते.

---

बार्शीलाईट | सायंकाळी ६:१४

तीच मोडत नाही. म्हणून येते.

---

अशोकचौक | सायंकाळी ६:३०

😂 भाकरी पातळ पाहिजे तर चुऱ्याचं पाकीट घ्यायची तयारी ठेवा मालक.

प्रयोगशाळा मॅडम, ते खवटपणाचं पटलं. मी नायट्रोजन भरायला लागलो तेव्हाच परतीचा माल कमी झाला. नायट्रोजनचं यंत्र अनुदानात बसलं, कारण ते यंत्र आहे. प्रयोगशाळेचं बिल मी खिशातून भरलं. बार्शीलाईट अण्णांचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा.

---

हिशेबनीस | रात्री ८:०२

व्यनितून दोघा-तिघांनी इतर योजना विचारल्या, इथंच थोडक्यात सांगतो. पीएमईजीपी नवीन घटकाला आहे. ग्रामीण भागातल्या महिलांना ३५ टक्के, शहरात २५. निर्मिती उद्योगाला प्रकल्प ५० लाखांपर्यंत. त्यातही अनुदान तीन वर्षं अडकवून ठेवतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याच धर्तीवर, जिल्हा उद्योग केंद्रातून. शेतकरी कंपन्यांसाठी जागतिक बँकेच्या मदतीचा स्मार्ट प्रकल्प. एकाच यंत्रावर दोन ठिकाणी अनुदान घ्यायला जाऊ नका, आधार जोडलेलं असतं, सापडतं.

---

सीना_माढा | रात्री ८:४०

येक इचारायचं. पाकिटावर 'मंगळवेढ्याची ज्वारी' असं छापलं तर चालतंय का? आमच्या वळखीचा येकजण छापतोय, माल घेतोय कुठनं कुठनं.

---

हिशेबनीस | रात्री ८:५५

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव लेबलवर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि धान्य त्या भागातलंच लागतं. तुमच्या ओळखीच्याला सांगा, कुणी तक्रार केली तर अडचणीत येईल. 'मालदांडी ज्वारीची भाकरी' असं लिहा, मालदांडी हे वाण आहे, मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं. खरंच मालदांडी वापरत असाल तर लिहा, एवढंच.

लेबलचा विषय निघालाच आहे तर: शेंगदाणा ॲलर्जीकारक म्हणून वेगळा लिहावा लागतो, हिरवा शाकाहारी ठिपका, १४ आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, 'अमुक तारखेपूर्वी वापरा'.

---

बार्शीलाईट | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

रात्री विचार केला. ताईंच्या खांद्यांचा मुद्दा मी उडवून लावल्यासारखा झाला होता, तसा नव्हता. भाकरी थापायचं, भाजायचं यंत्र घ्यायला अनुदान घ्या, जरूर घ्या. माझा आक्षेप क्रमाला आहे. आणि यंत्राच्या भाकरीला आमच्या आजीच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो का, हे दरपत्रक घ्यायच्या आधी तुमचं स्वतःचं पीठ घेऊन जाऊन बघा. पुरवठादार त्याच्या पिठाची करून दाखवतो, त्यात गहू किंवा मैदा किती घातलाय ते सांगत नाही. निव्वळ ज्वारीला चिकटपणा नसतो. गरम पाण्यात उकड काढल्याशिवाय ती थापली जात नाही, यंत्राच्या दाबानं कडा फाटतात. घरचं पीठ, घरचं पाणी, समोर उभं राहून शंभरेक भाकऱ्या काढून घ्या. मग सही.

---

प्रयोगशाळा | सकाळी १०:०५

अगदी. आणि पीठ त्याच आठवड्यात दळलेलं न्या. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी (थापताना धरून राहण्याचा गुण) जाते, मग दोष यंत्राचा की पिठाचा ते कळत नाही.

---

वळसंगकर | रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-आज गटात बसलो होतो, मोबाईलवरून सगळ्यांना वाचून दाखवलं. सीना दादांचं बोलणं ऐकून सगळ्या हसल्या, पण हुरडा एकमतानं रद्द झाला. माढ्याहून ताजा आणू आणि आमच्या चटणीबरोबर विकू, दादा भाव नीट लावा.

ठरलं ते असं. त्या गृहस्थांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मार्चनंतर योजना बंद होणार, मग बसा बोंबलत. बसू. बीजभांडवलाचा विषय येत्या प्रभाग संघाच्या बैठकीत घेतोय. अध्यक्षांशी बोलणं झालं, त्यांनाही ४० हजारांचं माहीत होतं पण कुणी मागितलंच नव्हतं. चुऱ्याची तीन प्रकारची पाकिटं भरायला घेतली आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावायचा विचार आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेला येणारं गिऱ्हाईक कर्नाटकातलंही असतं, आंध्र-तेलंगणातलंही, गावातलंही. तिथं खपलं तर पुढचं यंत्राचं बघू. नाही खपलं तर कर्ज डोक्यावर नसेल.

मोठं अनुदान सोडलेलं नाही. माझी जाऊ म्हणते अर्ज आत्ताच टाकून ठेवू, मंजुरीपर्यंत वेळ जातोच. मला वाटतं पदार्थ पक्का झाल्याशिवाय कुठल्या यंत्राचं दरपत्रक लावणार? या एका गोष्टीवर आमच्यात अजून वाद चालू आहे.

एक शेवटचं विचारायचं. अन्न परवाना आत्ता माझ्या एकटीच्या नावावर आहे, भाकरी माझ्या घरी होते म्हणून. गटाच्या नावानं नवा काढू का तोच चालेल?

---

अशोकचौक | रात्री ९:४८

तुमच्या जावेच्या बाजूनं माझं मत. भाकरी थापायचं आणि भाजायचं यंत्र तर दोन्ही पदार्थांना लागणारच आहे, चुरा असो की अख्खी भाकरी. तेवढ्याचंच दरपत्रक लावा, पण बार्शीलाईट अण्णा म्हणतात तशी चाचणी करून. पॅकिंगचं यंत्र नंतर.

---

हिशेबनीस | रात्री १०:१०

मीही जावेच्या बाजूला. संसाधन व्यक्तीला निदान भेटून तरी या, मार्चपर्यंत बँकेचं काय होतं कुणी सांगावं.

परवान्याचं: ज्या नावानं कर्ज आणि बीजभांडवल घेणार, त्याच नावानं परवाना, उद्यम नोंदणी, बँक खातं, बिलबुक, सगळं पाहिजे. गटाच्या नावानं घेणार असाल तर गटाच्या नावानं नवी नोंदणी काढा. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. तुमच्या नावाची आहे ती लगेच रद्द करू नका, गटाची हातात आली की मग करा. मधल्या काळात छापलेली पाकिटं वाया जातील, म्हणून लेबलचा मोठा गठ्ठा आत्ता छापू नका.

जागेचा पुरावा म्हणून लाईटबिल लागेल. ते सासऱ्यांच्या नावावर असेल ना? त्यांच्याकडून गटाच्या नावानं संमतीपत्र लिहून घ्या. पाच-दहा वर्षांचा साधा भाडेकरार केलात तर आणखी बरं, बँक तोही मागतेच.

---

वळसंगकर | रात्री १०:२६

लाईटबिल सासऱ्यांच्याच नावावर आहे. उद्या सकाळी चहा दिल्यावर विषय काढते.